छतावरची वेधशाळा आणि कपाटातली दुर्बीण



'वेधशाळा म्हणजे काय?' असा प्रश्न वर्गात विचारून बघा. दहातली नऊ मुलं सांगतील, 'सर, पाऊस सांगतात ते!' त्यांचं काही चुकत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत वेधशाळा येते ती पावसाच्या अंदाजाबरोबरच, आणि घरातली मोठी माणसं तो अंदाज वाचून हसतात तेही मुलांनी ऐकलेलं असतं. पण वेध घ्यायचा तो मुळात ताऱ्यांचा. आपली कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली सुरू झाली तीसुद्धा आकाशाचे वेध घेण्यासाठी आणि अचूक वेळ ठेवण्यासाठी. हवामान तिथे मागाहून मोठं झालं.

आज ज्या वेधशाळेबद्दल लिहिणार आहे तिनेही सुरुवातीच्या काळात दोन्ही कामं केली. ती आपल्या देशात नाही, इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात आहे. मँचेस्टर म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात, फुटबॉल आणि कापड. इचलकरंजीला आपण 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतोच. विज्ञान शिकवणाऱ्यांना आणखी तीन नावं आठवावीत. अणुसिद्धान्त मांडणारा डाल्टन याच शहरात शिकवण्या घेऊन राहिला. ज्यूल इथलाच. रदरफर्डला अणूचं केंद्रक सापडलं तेही इथल्याच प्रयोगशाळेत. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकाची बरीच पानं या एका धुरकट गावातून आलेली आहेत.

तर या शहराच्या अगदी मध्यभागी, सॅकव्हिल स्ट्रीटवरच्या एका भल्यामोठ्या जुन्या इमारतीच्या छतावर एक लहानसा घुमट आहे. त्याचं नाव गॉडली वेधशाळा. फ्रान्सिस गॉडली हा मँचेस्टरचा कापड कारखानदार. त्याने स्वतःच्या पैशाने ही वेधशाळा बांधवून शहराला भेट दिली. १९०३ साली ती पूर्ण झाली. खालची इमारत तेव्हा नुकतीच उभी राहिलेली नगरपालिकेची तंत्रशाळा होती. पुढे तिचं नाव आणि रूप अनेकदा बदललं आणि आता ती मँचेस्टर विद्यापीठाची आहे.

घुमट कशाचा आहे सांगू? कागदाच्या लगद्याचा! होय, आपण गणपतीची मूर्ती किंवा मुखवटे करतो तसल्याच लगद्याचा. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, 'पावसात भिजत नाही का?' प्रश्न अगदी रास्त आहे, कारण मँचेस्टरला पाऊस काही कमी नाही. लगदा नीट कडक करून त्याला रंगाचा लेप दिला आणि तो लेप वेळोवेळी पुन्हा दिला, की तो टिकतो. त्या काळचे दुर्बीण बनवणारे तो मुद्दाम वापरत, कारण घुमट हलका हवा असतो. आधीच तो छतावर बसवायचा, शिवाय गोल फिरवायचा. पत्र्याचा किंवा लाकडाचा जड घुमट केला तर छतावर भार आणि फिरवणाऱ्याच्या हातावरही भार. मात्र 'वेळोवेळी पुन्हा' हे शब्द लक्षात ठेवा. लेप देणारं कोणी नसेल तर लगद्याचं जे व्हायचं तेच होतं.

लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की घुमटाखाली एकाच बैठकीवर दोन दुर्बिणी आहेत. एक ८ इंची, भिंगाची, म्हणजे अपवर्ती. दुसरी १२ इंची, आरशाची, म्हणजे परावर्ती. दहावीच्या मुलांना 'अपवर्ती आणि परावर्ती यांतला फरक सांगा' असा प्रश्न आपण घालतो. त्याचं उत्तर इथे एकाच दांडीवर तराजूच्या दोन पारड्यांसारखं बसवलेलं आहे.

इथे थोडं गणित करून घ्या, मुलांना आवडतं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ८ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर. २०३ ला ७ ने भागून वर्ग केला की सुमारे ८४० येतात. म्हणजे ती दुर्बीण डोळ्याच्या ८४० पट प्रकाश गोळा करते. आता १२ इंची दुर्बीण ८ इंचीच्या दीडपट प्रकाश घेते का? बहुतेक मुलं हो म्हणतात. उत्तर सव्वादोन पट आहे, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. 'πr² कुठे उपयोगी पडतं?' हे विचारणाऱ्या पालकांसाठी हे उदाहरण हाताशी असू द्या.

बैठकीबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. अशा बैठकीला विषुववृत्तीय बैठक म्हणतात. तिचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात, म्हणजे तो थेट आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेला असतो. मग तारा मावळतीकडे सरकत असताना दुर्बीण त्या एकाच अक्षाभोवती सावकाश फिरवली की तारा नजरेत राहतो. एक फेरी २४ तासांची नाही, २३ तास ५६ मिनिटं आणि ४ सेकंदांची. हेच कारण, की प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतो. तेव्हाच्या अशा दुर्बिणींना वजनावर चालणारं घड्याळयंत्र जोडत. वजन हळूहळू खाली येतं, चाकं फिरतात आणि दुर्बीण ताऱ्यामागे जाते. वीज लागत नाही. मात्र वजन पुन्हा वर चढवायला माणूस लागतो.

हा अक्ष जमिनीशी किती कोन करतो? त्या गावाचा अक्षांश असतो तेवढा. मँचेस्टरला साडेत्रेपन्न अंश, पुण्याला साडेअठरा. ध्रुवताराही तेवढ्याच उंचीवर दिसतो. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. म्हणजे पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर आणि मँचेस्टरमध्ये पाच मुठींहूनही वर. कोनमापक, दोरा आणि एक लोखंडी नट एवढ्या सामानावर माझ्या नववीच्या मुलांनी हे मोजलं, तेव्हा १६ पासून २१ पर्यंत उत्तरं आली. सरासरी काढली तर ती साडेअठराच्या जवळ गेली, आणि सरासरी का काढायची हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

या वेधशाळेत पगारी खगोलशास्त्रज्ञ नाही. ती चालवते मँचेस्टर अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी नावाची हौशी लोकांची संस्था. आपल्या भाषेत म्हणायचं तर मंडळ. सभासदांची वर्गणी, ठरलेल्या सभा, कामाच्या पाळ्या, सगळं मंडळासारखंच. १८९० साली लंडनला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन स्थापन झाली. हौशी निरीक्षकांना आणि स्त्रियांनाही तिथे पहिल्यापासून जागा होती. (रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला स्त्रियांना फेलो करून घ्यायला १९१६ साल उजाडावं लागलं.) तिची वायव्य इंग्लंडची शाखा १८९२ मध्ये मँचेस्टरला सुरू झाली आणि १९०३ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. ज्या वर्षी घुमट पुरा झाला त्याच वर्षी!

आपल्याकडे 'हौशी' या शब्दाला थोडा कमीपणा चिकटलेला आहे. जत्रेत हौशे, नवशे, गवशे येतात म्हणतो, त्यातले हौशे म्हणजे नुसते गंमत बघणारे. पण इथले हौशे पिढ्यानपिढ्या तो गोल जिना चढत आले आहेत. वर्षानुवर्षं गुरुवारची संध्याकाळ ठरलेली. आकाश मोकळं असेल तर दुर्बीण, ढग असतील तर गप्पा, व्याख्यान, नव्या सभासदाला काहीतरी समजावून सांगणं. आणि मँचेस्टरला ढग असण्याचीच शक्यता जास्त. ज्या मंडळाचं काम फक्त निरभ्र रात्रीच चालतं ते मंडळ त्या गावात वर्षभरही टिकलं नसतं, असं मला वाटतं.

दुर्बिणी बनवल्या डब्लिनच्या ग्रब कंपनीने. हॉवर्ड ग्रब हा त्या काळचा मोठा नावाजलेला दुर्बीणकार. कंपनी पुढे डब्लिनहून इंग्लंडात आली, दुसऱ्याच्या ताब्यात गेली, नाव ग्रब पार्सन्स झालं आणि १९८५ मध्ये बंदही पडली. म्हणजे आता त्या दुर्बिणीचा एखादा स्क्रू झिजला तर कंपनीला पत्र लिहून सुटा भाग मागवता येत नाही. ज्याला चाक कसं बसतं हे ठाऊक आहे अशा माणसाकडेच जावं लागतं. आणि तो माणूस ते शिकलेला असतो त्याच्या आधी तिथे येत असलेल्या माणसाकडून. हे ज्ञान पुस्तकात नसतं. एका गुरुवारी हातात पाना देऊन 'हे धर' म्हणणारा कोणीतरी लागतो.

ग्रबचं नाव आलं म्हणून आता पुण्याला येतो. कारण याच ग्रबची एक दुर्बीण पुण्यात होती, आणि ती मँचेस्टरच्या दुर्बिणींपेक्षा मोठी होती.

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, मुंबई सरकारने भर घातली आणि १८८८ च्या सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. हे सगळं घडवून आणलं प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून सूर्याच्या वर्णपटांची छायाचित्रं घेतली. जेऊर स्टेशनवरून आपण किती वेळा गेलो असू! त्याच वेळी तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही उतरली होती. आपल्या करमाळा-जेऊरकडच्या किती शिक्षकांनी हे मुलांना सांगितलं असेल?

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. वेधशाळा बंद झाली आणि तिचं सामान तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेला गेलं. ती दुर्बीण तिथे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली गेली. दुर्बीण वाया गेली असं मी म्हणणार नाही. डोंगरावर तिला पुण्यापेक्षा चांगलं आकाश मिळालं. फक्त साडेअठरा अंशांचा अक्ष दहा-सव्वादहा अंशांवर आणावा लागला असणार, हे तुम्ही वरच्या परिच्छेदावरून ओळखलंच असेल. पण पुण्याच्या मुलांच्या डोक्यावरचा घुमट गेला तो गेलाच.

दोन्ही वेधशाळांचं साम्य बघा. दोन्ही तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, दोन्हीकडे एक दानशूर माणूस, दोन्हीकडे तोच कारागीर. पुण्याची दुर्बीण तर वरचढ. पुण्याला नायगमवालांसारखा पदरमोड करून, वेळ घालवून झटणारा शास्त्रज्ञ होता. त्यांच्या तोडीचं काम मँचेस्टरच्या छतावरून झालं असं मला वाटत नाही. पण पुण्यात दुर्बीण एका माणसाच्या आधाराने उभी होती. तो माणूस उठला आणि तिची किल्ली घ्यायला दुसरा हात पुढे आला नाही. नायगमवालांना यासाठी दोष देणं अन्याय ठरेल. वेधशाळेभोवती मंडळ जमवावं असं वातावरण त्या काळच्या सरकारी कॉलेजात कुठून येणार? पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली ती १९४४ साली, म्हणजे दुर्बीण गेल्यावर ३२ वर्षांनी. आज चालू असलेल्या हौशी खगोलसंस्थांमध्ये ती देशातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. ३२ वर्षं आधी ती असती तर, असं मनात येतंच.

मँचेस्टरचं सगळं आलबेल आहे असंही समजू नका. इमारत मंडळाची नाही, विद्यापीठाची आहे. विद्यापीठाचे अभियांत्रिकी विभाग तिथून दुसरीकडे हलले आणि त्या सगळ्या जुन्या परिसराचा पुनर्विकास ठरला आहे. इमारत वारसा म्हणून संरक्षित असल्याने ती पाडली जाणार नाही. पण संरक्षण विटांना असतं, गुरुवारच्या संध्याकाळला नसतं. जिन्याची किल्ली उद्या कोणाकडे असेल, हा प्रश्न तिथेही उभा आहे.

आता तुमच्या शाळेकडे वळू. तुमच्याकडे दुर्बीण आहे का? बऱ्याच शाळांत असते. कोणी माजी विद्यार्थी देतो, एखाद्या योजनेतून येते, विज्ञान प्रदर्शनाचं बक्षीस म्हणून मिळते. आल्याबरोबर हार घालून फोटो निघतो आणि मग डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते. नोंद झाली की ती वस्तू कोणाच्या तरी 'चार्ज'मध्ये जाते. चार्ज असलेला माणूस घाबरतो, कारण काही फुटलं तर भरून द्यावं लागेल. म्हणून ती कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली खणात. मी एका शाळेत तीन पायांपैकी एकाचं प्लॅस्टिकही न काढलेली दुर्बीण पाहिली आहे. नोंदवहीत मात्र शेरा होता, 'सुस्थितीत'. खरंच सुस्थितीत होती! आरशावर बुरशीची जाळी पसरलेली होती, तेवढं सोडून. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या भिंगाला आणि आरशाला बुरशी धरतेच. वापरली जाणारी दुर्बीण तुलनेने बरी राहते, कारण तिला वारा लागतो आणि कोणाची तरी नजर तिच्यावरून फिरते.

पालकहो, तुमच्याकडूनही एक हवं आहे. आकाशनिरीक्षण म्हटलं की शाळा रात्रभराचा कार्यक्रम आखते, जेवण, गाड्या, परवानगीपत्रं, आणि मग इतका व्याप होतो की तो तीन वर्षांतून एकदाच होतो. त्याची गरज नाही. गॉडली वेधशाळा शहराच्या ऐन मध्यात, दिव्यांच्या उजेडात आहे. अंधूक दीर्घिका तिथून मिळणं कठीण, पण चंद्र, गुरू, शनी आणि जोडतारे दिव्यांना फारसे भीत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरूनही ते दिसतात.

शुद्ध सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ धरा. पौर्णिमा नको, पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट पांढरा दिसतो. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि मुलं ओरडतात. दिवेलागणीला चंद्र चांगला वर आलेला असतो, त्यामुळे सात ते आठ एवढा एक तास पुरतो आणि मुलं जेवायला घरी. महिन्यातून एक संध्याकाळ, पण ठरलेली. ढग असले तरी जमायचं. सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीही, कोणत्याही सबबीवर, डोळा लावून वळवायची नाही. दिवसा दुर्बीण झाकलेलीच राहील, हा नियम मुलांनाच पाळायला सांगा. ते आपल्यापेक्षा कडक असतात.

आमच्या शाळेत आता किल्ली आठवीच्या दोघांकडे असते. नववीत गेल्यावर ती त्यांनी खालच्या वर्गातल्या दोघांना द्यायची, आणि देण्याआधी दुर्बीण जोडून, उघडून, पुसून दाखवायची. सुरुवातीला मुख्याध्यापकांची परवानगी मिळवायला दोन बैठका गेल्या. 'फुटली तर?' या प्रश्नाला मी उत्तर दिलं, की कपाटात ती फुटलेलीच आहे, फक्त आवाज झालेला नाही. ते हसले आणि त्यांनी सही केली.

डेडस्टॉकशिवाय आम्ही एक साधी शंभरपानी वही ठेवली आहे. रकाने चारच: तारीख, किल्ली कोणाकडे, काय पाहिलं, काय बिघडलं. आत्तापर्यंतच्या नोंदींत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द 'ढग' आहे. जुलैच्या पानावर तर एकाखाली एक चार वेळा तेवढंच लिहिलंय, आणि प्रत्येक नोंदीपुढे दोन सह्या आहेत.